दोन धरणांच्या मधला माहूर

नांदेडच्या वर्तमानपत्रांत पावसाळाभर एक चौकट रोज छापून येते. विष्णुपुरी, मानार, येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर, जायकवाडी. प्रत्येक नावापुढे टक्केवारी. राजकारणाच्या बातम्यांआधी ही चौकट वाचणारे लोक मराठवाड्यात भरपूर आहेत. इसापूर नव्वदीपुढे सरकलं की अर्धापूरचा केळीवाला निर्धास्त होतो, हदगावचा ऊसवाला बेण्याची चौकशी करू लागतो आणि नांदेड महापालिकेलाही हायसं वाटतं. विष्णुपुरीनं दगा दिला तर इसापूरचं पाणी आसना नदीतून शहरासाठी आणता येतं, म्हणून.

माहूरच्या नदीकाठाला ही चौकट वेगळं काही सांगते. धरण भरलं, म्हणजे आता दरवाजे उघडणार आणि सतर्कतेचा इशारा येणार. जनावरं काठावरून हलवा, मोटारी वर काढा. मग ऑक्टोबर उलटतो, दरवाजे बंद होतात आणि इसापूरच्या पाण्याचा माहूरशी असलेला संबंध जवळजवळ संपतो. तो पुन्हा जुळतो तो थेट मार्च-एप्रिलमध्ये, तोही निवेदनांतून. ‘पैनगंगेच्या पात्रात पाणी सोडा.’

पैनगंगा उगम पावते बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत. वाशीम ओलांडून ती हिंगोली आणि यवतमाळ यांच्या शिवेवर येते आणि तिथं इसापूरला तिची पहिली मोठी अडवणूक होते. पुढे उमरखेड डावीकडे, हदगाव-हिमायतनगर उजवीकडे ठेवत ती सहस्रकुंडाला काळ्या खडकावरून खाली कोसळते. एवढं झाल्यावर नदीनं सरळ पूर्वेला जायला हवं होतं. पण ती वळते उत्तरेला. उमरखेडच्या जंगलपट्ट्याला तिकडचे लोक ‘बंदी भाग’ म्हणतात. त्याला वळसा घालून, किनवटला स्पर्शून ती माहूरच्या डोंगरांपाशी येते आणि गडाला तिन्ही बाजूंनी वेढून पुन्हा पूर्वेची वाट धरते. पुढे उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांचा परिसर, आणि त्याच्याही पुढे यवतमाळ जिल्ह्यातलं ताडसावळी. तिथं निम्न पैनगंगा प्रकल्पाचं धरण व्हायचं आहे. व्हायचं आहे, हे गेली अडीच-तीन दशकं असंच लिहावं लागतंय.

म्हणजे वर एक जलाशय आहे, भरलेला. खाली एक जलाशय आहे, कागदावर. माहूर या दोघांच्या मध्ये. वरच्यानं माहूरची नदी आटवली आणि खालचा माहूरची गावं बुडवणार. या दोन वाक्यांत थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

इसापूर हे लहानसहान धरण नाही. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्प हे त्याचं सरकारी नाव. मातीचा बांध, लांबी चार किलोमीटरच्या वर, उंची ५७ मीटर. उपयुक्त साठा ९६४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे साधारण ३४ टीएमसी. अवघ्या मराठवाड्यात जायकवाडी सोडलं तर एवढं पाणी साठवणारी धरणं बोटावर मोजावीत इतकीच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते उभं राहिलं. शंकरराव चव्हाणांच्या पिढीनं मराठवाड्याच्या पाण्याचं जे चित्र मनाशी रंगवलं होतं, त्यातला हा एक मोठा तुकडा. त्या चित्राला नावं ठेवण्याचं कारण नाही. कळमनुरी, हदगाव, अर्धापूर या पट्ट्यातून आज गाडीनं गेलं तरी दोन्ही बाजूंना केळी, हळद, ऊस दिसतो. ही हिरवळ कालव्याच्या पाण्याची आहे. ज्या शेतकऱ्याचा बाप ज्वारी-कापसावर जगला, त्याचा मुलगा केळीचे घड गाडीत भरताना दिसतो. धरणानं माणसं उभी केली हे नाकारणं खोटेपणाचं होईल.

पण धरणाचा हिशेब मांडताना आपल्याकडे दोनच रकाने असतात. एक लाभक्षेत्र, दुसरं बुडीत क्षेत्र. लाभक्षेत्राला पाणीपाळी मिळते, बुडीत क्षेत्राला मोबदला मिळतो, निदान मिळायला हवा. धरणाच्या खाली, नदीच्या काठानं, कालव्याच्या आवाक्याबाहेर राहणारी गावं या दोन्ही रकान्यांत बसत नाहीत. त्यांची जमीन बुडाली नाही म्हणून मोबदला नाही आणि कालवा पोचत नाही म्हणून आवर्तन नाही. त्यांचं गेलं ते नदीचं वाहणं, आणि त्याची किंमत करायला तलाठ्याकडे नमुना नाही.

वाहणं गेलं म्हणजे नेमकं काय झालं, ते माहूरजवळ धनोड्याच्या पुलाखाली उन्हाळ्यात दिसतं. यवतमाळकडून येणारा भाविक याच पुलावरून माहुरात शिरतो. मे महिन्यात पुलाखाली पाहावं तर पात्र रुंद, आणि त्यात पाणी डबक्यांपुरतं. खडक उघडे, त्यांवर शेवाळाचा वाळून पांढरा झालेला थर. जिथं वाळू शिल्लक आहे तिथं हात-दोन हात खोल झिरे खणलेले. झिऱ्यात पाणी हळूहळू पाझरतं. आधी गढूळ, मग जरा निवळलेलं. बाई वाटीनं ते हंड्यात भरते, हंडा भरेपर्यंत झिरा आटतो, मग थांबायचं. थोड्या अंतरावर दुसऱ्या झिऱ्याभोवती शेळ्या. वाळू आहे तोवर हा झिरा चालतो, कारण वाळूच्या पोकळीत पावसाळ्याचं पाणी धरून ठेवलेलं असतं. रात्रीतून ट्रॅक्टर वाळू घेऊन गेले की खाली उरतो निव्वळ खडक, आणि बेसॉल्टचा खडक पाणी धरत नाही. नदी वरून धरणानं कोरडी केली आणि खालून वाळू उपशानं. या दुसऱ्या गोष्टीत इसापूरचा दोष नाही. तो आपल्याच माणसांचा आहे, आणि निवेदनांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

चीड येण्यासारखी गोष्ट अशी, की नांदेड जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस पडतो तो किनवट-माहूरकडेच. सागाची जंगलं उगाच वाढलेली नाहीत. वझऱ्याचा शेख फरीद धबधबा पावसाळ्यात पाहणाऱ्याला या तालुक्यात टँकर येतो यावर विश्वास बसणार नाही. पण डोंगरउताराचं पाणी थांबत नाही, ते नाल्यांतून नदीत जातं आणि नदी ते घेऊन निघून जाते. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं, म्हणून माहूरच्या डोंगरावर कुंडं आणि तळी आहेत. मातृतीर्थ तर कथेतच आहे. परशुरामानं बाण मारून पाणी काढलं आणि आईवडिलांचे अंत्यसंस्कार केले, अशी श्रद्धा. भाविकाला ते तीर्थ, जलतज्ज्ञाला ते डोंगरावरचं साठवण तळं. दोघंही बरोबर आहेत.

इसापूरचं पाणी पात्रात सोडलं तर काय होतं, तेही सांगायला हवं, कारण मागणी जितकी सोपी वाटते तितकी ती नाही. धरणापासून माहूरपर्यंत नदीची वाट लांब आणि वाकडी. पाणी सुटलं की पहिले खड्डे भरतात, मग वाळू तिचा वाटा पिते, मग वाटेतले कोल्हापुरी बंधारे ते अडवतात. दोन्ही काठांवर मोटारी टपून असतात. प्रशासन काठाची वीज तोडतं, तर डिझेलची इंजिनं सुरू होतात. पिण्यासाठी सोडलेलं पाणी हिमायतनगरच्या पुढे सरकेपर्यंत त्यातलं बरंच उसात गेलेलं असतं. शेवटच्या गावाला मिळतं ते शिल्लक राहिलेलं. कालव्याचं शेवटचं टोक कोरडं राहतं ही तक्रार सगळ्या महाराष्ट्राची आहे. इथं नदीलाच तसं टोक आलं आहे आणि त्या टोकाशी माहूर आहे.

त्यात वरचाही वाटा कमी होत चालला. वाशीम जिल्ह्यात पैनगंगेवर अकरा बॅरेजेस झाली. वाशीमचं म्हणणं रास्त होतं, नदी आमच्या जिल्ह्यातून जाते आणि आम्ही कोरडे. पण तिथं अडलेलं पाणी इसापुरात कमी पडलं. मग ती तूट भरायची कशी? उपाय निघाला कयाधूचा. हिंगोली जिल्ह्यात खरबीजवळ कयाधू नदीवर बंधारा बांधून तिचं पाणी इसापूरच्या जलाशयात वळवायचं. एका नदीवर बांधलेलं तळं भरायला दुसरी नदी अडवायची. हिंगोलीकर पेटून उठले. मोर्चे निघाले, बंद पाळले गेले. त्यांचा सवाल असा, की आमची कयाधू आटवून नांदेडचे कालवे का भरायचे? नांदेडचं उत्तर, की प्रकल्पाचं ठरलेलं पाणी आम्हाला हवं. दोघांच्या या भांडणात खालच्या पैनगंगेचं नावही कुणी काढलं नाही. मराठवाड्यात पाण्याची भांडणं जिल्ह्याजिल्ह्यांत होतात, आमदार ती हिरिरीनं भांडतात. नदीला मात्र मतदारसंघ नसतो.

माहूर असं कडेला कसं पडलं, याला जुना इतिहास आहे. अकबराच्या काळात माहूर हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं, आपलं स्वतःचं प्रशासन असलेलं. नदीच्या दोन्ही बाजूंचा मुलूख या गडावरून बघितला जायचा. माहूरच्या देशमुखीण रायबागन मोगलांच्या बाजूनं लढायच्या. १६६१ साली उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाबरोबर त्याही शिवरायांच्या कोंडीत सापडल्या होत्या. पुढे १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं आणि पैनगंगा ही हद्द झाली. पलीकडे इंग्रज, अलीकडे निजाम. ज्या नदीनं माहूरला वेढलं होतं तीच माहूरची कुंपणभिंत ठरली. १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झालं, १९५६ मध्ये मराठवाडा वऱ्हाडाबरोबर एका राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. कुंपण मात्र सरकारी दप्तरात राहिलं. डाव्या काठाला विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ, उजव्या काठाला गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ. एकाच प्रवाहाला दोन मालक, आणि अनुशेषाचे दोन वेगळे हिशेब.

निम्न पैनगंगा प्रकल्प या कुंपणाच्या पलीकडून आलेला आहे. तो विदर्भाच्या महामंडळाचा. मूळ मात्र १९७५ च्या ऑक्टोबरात आहे, जेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण आणि आंध्र प्रदेशचे जलगम वेंगळराव यांच्यात गोदावरी खोऱ्याच्या पाण्याचा करार झाला. गोदावरीच्या पाणीतंट्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादानं पुढे १९८० च्या निवाड्यात अशा करारांवर शिक्कामोर्तब केलं. निम्न पैनगंगेचं पाणी ८८ टक्के महाराष्ट्राचं, १२ टक्के आंध्रचं, आता तेलंगणाचं. १९९७ मध्ये प्रकल्पाला प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा खर्च होता सुमारे १,४०२ कोटी. २००९ मध्ये सुधारित मान्यता मिळाली ती १०,४२९ कोटींची. बारा वर्षांत सातपटीहून जास्त. पाटबंधारे खात्यातल्या खर्चवाढीवर महाराष्ट्रात पुढे जो गदारोळ झाला त्यात हा आकडा वारंवार आला. धरण उभं राहण्याआधी एवढी वाढ झालेला खर्च पाहून बुडीतातल्या माणसाला काय वाटत असेल? त्याच्या एकराचा भाव काही सातपटीनं वाढलेला नव्हता.

यातून सव्वादोन लाख हेक्टरांच्या आसपास सिंचन होईल असं प्रकल्पाचं म्हणणं. लाभ मुख्यतः यवतमाळ आणि चंद्रपूरच्या कोरडवाहू कापूसपट्ट्याला, काही आदिलाबादला. यवतमाळच्या शेतकरी आत्महत्या महाराष्ट्रानं वर्षानुवर्षं मोजल्या आहेत. केळापूर, झरी जामणी, घाटंजीच्या शेतकऱ्याला पाणी नको असं म्हणण्याची हिंमत कुणी करू नये. ज्यांना पाणी मिळणार तेही गरीब आणि ज्यांची गावं बुडणार तेही गरीब, अशी ही लढत आहे. म्हणूनच ती इतकी वर्षं चिघळली.

धरणविरोधी संघर्ष समिती बुडणाऱ्या गावांचा आकडा ९५ सांगते, यवतमाळ आणि नांदेड दोन्ही जिल्ह्यांतल्या. गोंड, कोलाम, आंध, प्रधान, बंजारा वस्तीची ही गावं. नदीकाठची काळी जमीन त्यांच्याकडची सगळ्यात सकस जमीन. डोंगरावरची मुरमाड उरेल, कसदार जाईल. यातली कित्येक गावं अनुसूचित क्षेत्रातली. पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ चे. ग्रामसभेला विचारल्याशिवाय जमीन घेता येत नाही असं कायदा सांगतो. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, न्यायालयाची पायरी चढली, नदीपात्रात उतरून आंदोलनं केली. काम थांबतं, पुन्हा सुरू होतं, पोलीस बंदोबस्त येतो, पुन्हा थांबतं. एवढ्या वर्षांत एक पिढी ‘आपलं गाव जाणार’ हे ऐकतच म्हातारी झाली. बुडीताची टांगती तलवार असलेल्या गावात कोण पक्कं घर बांधेल, कोण विहीर खणेल? शाळेची खोली, डांबरी रस्ता, सगळ्यावर एकच शेरा, ‘गाव बुडीत क्षेत्रात आहे’. पाणी यायच्या आधी तीस वर्षं गाव असं बुडत असतं.

विरोध करणाऱ्यांना विकासविरोधी ठरवण्याची आपली सवय जुनी आहे. १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचं नेतृत्व करत होते, तेव्हाही हेच ऐकावं लागलं होतं. कोयनेचं धरण साठ वर्षांचं झालं आणि तिथले धरणग्रस्त अजूनही आपल्या हक्कासाठी आंदोलनाला बसतात. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा महाराष्ट्रात जन्मली, वाढली, कायद्याच्या भाषेतही शिरली. अमलात मात्र क्वचितच आली.

त्याचा सगळ्यात ताजा पुरावा नांदेड जिल्ह्यातच आहे. मुखेड तालुक्यातला लेंडी प्रकल्पही आंतरराज्य, त्यातही तेलंगणा भागीदार, तोही कित्येक दशकं रखडलेला. धरणाची घळभरणी झाली, म्हणजे नदीची मूळ वाट बंद झाली. बुडीतातली गावं तिथंच होती, कारण पुनर्वसन अर्धवट होतं. १७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री वरच्या भागात तुफान पाऊस झाला आणि पाणी हसनाळ, रावणगाव या गावांत शिरलं. लोक झोपेत होते. माणसं गेली, दावणीची जनावरं गेली, बचावासाठी लष्कराला बोलवावं लागलं. पाऊस अस्मानी होता, हे खरं. पण नदीचं दार बंद करून आत माणसं राहू दिली, हे सुलतानी. प्रकल्पाच्या वेळापत्रकात घळभरणीची तारीख पक्की असते आणि पुनर्वसनाची ‘लवकरच’ असते, तिथंच हसनाळ घडतं.

पैनगंगाकाठच्या गावांनी लेंडीच्या बातम्या कशा वाचल्या असतील, हे वेगळं सांगायला नको.

आता मधला मार्ग म्हणून उच्च पातळी बंधाऱ्यांची मागणी आहे. मोठं धरण नको, नदीच्या पात्रातच पाणी थांबेल असे दरवाजांचे बंधारे टप्प्याटप्प्यानं बांधा. गावं बुडत नाहीत, काठाच्या विहिरींना पाझर मिळतो, उपसा करून दोन्ही काठांना शेती करता येते. तेलंगणानं पैनगंगेवर चनाखा-कोरटा इथं बॅरेज घेतलं, ऑगस्ट २०१६ मध्ये दोन्ही राज्यांचा त्यावर करारही झाला. पात्रातल्या पाण्यावर भागवता येतं हे शेजाऱ्यानं दाखवलं. निम्न पैनगंगेएवढा मोठा पल्ला बंधाऱ्यांनी गाठता येणार नाही, हे उघड आहे. वाशीमचा अनुभव असाही आहे, की बॅरेज भरलं तरी वीज नसेल तर पाणी नुसतं बघायचं. तरीही, बुडीताशिवाय मिळणारं पाणी आधी घ्यावं आणि उरलेल्याचा विचार नंतर करावा, एवढं व्यवहारज्ञान सरकारकडे असायला हरकत नाही.

माहूर शहराचा विचार तर कुठल्याच आराखड्यात नीट दिसत नाही. रेणुका, दत्तशिखर, अनसूया, महानुभावांचं देवदेवेश्वर, सोनापीर. वर्षभर गर्दी. नवरात्रात आणि दत्तजयंतीला या छोट्या गावावर लाखोंचा भार येतो. गडावर पानाचा कुटलेला तांबूल प्रसाद म्हणून मिळतो. दगडी खलात पान, कात, सुपारी, बडीशेप कुटणारे हात सकाळपासून थांबत नाहीत, आणि भोवतालच्या पायऱ्यांवर लाल रंगाचे ठिपके पडलेले असतात. एवढ्या यात्रेला पाणी लागतं, हॉटेलांना, भक्तनिवासांना, शौचालयांना. ते येणार कुठून? पैनगंगेतूनच. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या कागदावर तुळजापूर, कोल्हापूरबरोबर माहूरचंही नाव आहे, मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटरचा रस्ता. भाविक आणखी वाढतील आणि तासाभरानं लवकर पोचतील. पोचल्यावर नळाला काय येईल, याचं उत्तर महामार्गाच्या आराखड्यात नसतं आणि पाटबंधारे खात्याच्याही नसतं.

सरकारकडे दोनच गोष्टी मागायच्या आहेत, आणि दोन्ही आजच्या कायद्यात बसणाऱ्या आहेत. इसापूरच्या पाण्याचं वार्षिक नियोजन कालवा सल्लागार समितीत ठरतं, तिथं खरीप, रब्बी, उन्हाळी पाळ्यांबरोबर पात्रातल्या पाण्याचीही एक पाळी दरवर्षी तारखेसकट लिहून ठेवा. मोर्चा आला की सोडायची ती कृपा असते, नियोजनात लिहिलेला तो वाटा असतो. आणि निम्न पैनगंगेच्या बाबतीत, बुडीतातलं शेवटचं घर नव्या गावठाणात राहायला जाईपर्यंत घळभरणीला हात लावू नका. ज्या ग्रामसभा नाही म्हणत आहेत त्यांच्याशी बोलायला पोलिसांच्या गाड्या पाठवू नका, कागदपत्रं घेऊन जिल्हाधिकाऱ्यांनी जावं. मुखेडला जे झालं ते पैनगंगेवर झालं, तर अस्मानीकडे बोट दाखवायची सोय या वेळी कुणालाही राहणार नाही.